लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही आणि तिची फी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत घर घ्यायला निघालेलं मराठी कुटुंब आधी शाळांचं रेटिंग बघतं आणि लगेच दुसरी एक साइट उघडतं: आसपास कोणी नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगार राहतो का? नकाशावर ठिपके दिसतात, ठिपक्यावर क्लिक केलं की फोटो, पत्ता, गुन्ह्याचं कलम. हा सगळा कारभार चालतो कुणाच्या पैशावर, हा प्रश्न सहसा पडत नाही. अनेक राज्यांत त्याचं उत्तर असं आहे की ज्याचा फोटो तुम्ही बघताय, त्याच्याकडूनच वर्षाला फी घेतली जाते. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत आणि व्हॉट्सॲप गटांवर याबद्दल जे विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. हा वकिली सल्ला नाही.

ही नोंदवही नेमकी काय असते?

लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाने शिक्षा भोगून झाल्यावरही पोलिसांकडे आपला पत्ता, नोकरी, गाडी, फोटो ही माहिती ठराविक मुदतीने देत राहायची, अशी ही व्यवस्था. कॅलिफोर्नियाने ती १९४७ मध्येच सुरू केली होती, पण तेव्हा माहिती पोलिसांपुरती होती. १९९४ च्या जेकब वेटरलिंग कायद्याने सगळ्या राज्यांना नोंदवही ठेवायला लावलं आणि १९९६ च्या मेगन कायद्याने ती लोकांसाठी खुली झाली. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने तीन स्तर आखून दिले. पहिल्या स्तरावर १५ वर्षं, दुसऱ्यावर २५, तिसऱ्यावर आयुष्यभर. हजेरी अनुक्रमे वर्षातून एकदा, सहा महिन्यांनी आणि तीन महिन्यांनी, तीही प्रत्यक्ष जाऊन. हे झालं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं माप. प्रत्येक राज्याचं स्वतःचं माप वेगळं आहे आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

फी घ्यायला फेडरल सरकार सांगतं का?

नाही. फी ही पूर्णपणे राज्यांची कल्पना.

किती असते?

राज्य बदललं की रक्कम बदलते. इलिनॉयमध्ये पहिल्या नोंदणीला १०० डॉलर आणि पुढे दरवर्षी १००. विस्कॉन्सिनमध्ये वर्षाला जास्तीत जास्त १००. मॅसॅच्युसेट्समध्ये ७५, ओरेगनमध्ये ७०, लुइझियानात ६०. टेनेसीत १५० पर्यंत, त्यातले १०० स्थानिक पोलिस किंवा शेरीफ (काउंटीचा पोलिस प्रमुख) ठेवतो आणि ५० राज्याच्या तपास यंत्रणेकडे जातात. मिशिगनमध्ये वर्षाला ५० आणि आयुष्यभरात मिळून ५५० च्या वर नाही, म्हणजे अकरा वर्षं भरले की सुटका. आयोवा २५ वर भागवतं. न्यूयॉर्कमध्ये पत्ता बदलला की दर वेळी १०.

वरवर पाहता ही रक्कम किरकोळ आहे. आयटीतल्या माणसाच्या एका वीकेंडच्या खर्चाइतकीही नाही. पण नोंदवहीतला माणूस सहसा आयटीत नसतो. पार्श्वभूमी तपासणीत पहिल्याच क्लिकला नाव निघतं, त्यामुळे हाती पडतं ते रोजंदारीचं काम, तेही मिळालं तर.

कॅन्ससचा हिशेब जरा थांबून बघण्यासारखा आहे. तिथे दर तीन महिन्यांनी हजेरी आणि प्रत्येक हजेरीला २० डॉलर, म्हणजे वर्षाला ८०. पण ही रक्कम काउंटीगणिक (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे. माणूस राहतो एका काउंटीत, कामाला जातो दुसऱ्या आणि संध्याकाळी कॉलेजचा वर्ग करतो तिसऱ्या काउंटीत, तर तीन शेरीफ, तीन पावत्या, वर्षाला २४० डॉलर. नोकरी धरावी, शिकावं, मार्गी लागावं असं ज्याला आपण सांगतो, त्याचंच बिल तिप्पट होतं. आणि कॅन्ससच्या या नोंदवहीत फक्त लैंगिक गुन्हेगार नाहीत. अमली पदार्थांचे आणि हिंसक गुन्ह्यांचे काही दोषीही तिच्यात येतात.

हा पैसा नोंदवहीवरच खर्च होतो का?

पूर्ण नाही. इलिनॉयच्या कायद्यात शंभराच्या नोटेची वाटणी लिहून ठेवली आहे. ३५ डॉलर नोंदणी करणाऱ्या पोलिस ठाण्याकडे ‘कार्यालयीन कामासाठी’. ३० डॉलर राज्य पोलिसांकडे, प्रत्यक्ष नोंदवही चालवायला. ३० डॉलर ॲटर्नी जनरलच्या जागृती आणि प्रशिक्षण निधीत. उरलेले ५ लैंगिक गुन्हेगार व्यवस्थापन मंडळाला. म्हणजे ‘नोंदवहीची फी’ म्हणून घेतलेल्या शंभरातले तीसच सरळ नोंदवहीला मिळतात. बाकीची कामं फालतू आहेत असं मी म्हणत नाही. जागृतीचं काम मला तर नोंदवहीपेक्षाही जास्त गरजेचं वाटतं. पण मग पावतीवर ‘नोंदणी’ कशाला लिहायचं?

मिशिगनमध्ये ५० पैकी ३० राज्याच्या निधीत जातात आणि २० फी गोळा करणाऱ्या कार्यालयाकडे राहतात. इंडियानात काउंटीने ठराव केला तरच फी लागते आणि तिचा ९० टक्के भाग काउंटीतच राहतो. पैसा गोळा करणाऱ्याच्याच खिशात मोठा वाटा पडतो, तेव्हा ती फी कमी करायला कोण पुढे येणार?

गुन्हा त्यांनी केला, मग खर्च करदात्यांनी का उचलायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो रागाने विचारला जातो. राग रास्त आहे. ज्या घरातल्या मुलावर अत्याचार झाला त्या घराने समुपदेशनाचा खर्च वर्षानुवर्षं सोसायचा आणि गुन्हेगाराच्या नोंदीचा खर्चही करातून भरायचा, हे कुणालाही खटकेल.

फीची कायदेशीर बाजू याच भावनेवर उभी आहे: खर्च ज्याच्यामुळे उद्भवला, त्याने भरावा. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. गुन्ह्याची किंमत वसूल करायची तर त्यासाठी न्यायालयाचा दंड आहे, पीडिताला भरपाई देण्याचा आदेश आहे. ती रक्कम न्यायाधीश माणूस आणि गुन्हा बघून ठरवतो. नोंदवहीचं समर्थन मात्र सरकार वेगळंच करतं. ही शिक्षा नाही, ही समाजाच्या माहितीसाठी केलेली सोय आहे, असं ते न्यायालयात शपथेवर सांगतं. सोय समाजाची असेल तर तिचा खर्च समाजाने उचलायचा, हा साधा हिशेब आहे. नोंदवहीचा लाभार्थी तुम्ही-आम्ही आहोत, तो माणूस नव्हे. या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: पीडिताला द्यायची भरपाई वसूल करायला सरकारने जीव टाकावा, नोंदवहीची फी मात्र सोडून द्यावी.

न्यायालयं काय म्हणतात? ही फी की दंड?

या वादाचा पाया २००३ चा ‘स्मिथ विरुद्ध डो’ हा निकाल. अलास्काची नोंदवही ही शिक्षा नसून नागरी स्वरूपाचं नियमन आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं. शिक्षा नाही म्हटल्यावर ती जुन्या गुन्हेगारांनाही लावता येते. आपल्या घटनेच्या कलम २०(१) मध्ये पूर्वलक्षी शिक्षेला जी बंदी आहे, तशीच अमेरिकी घटनेतही आहे, आणि या निकालाने नोंदवहीला त्या बंदीबाहेर काढलं.

फीबद्दलचा महत्त्वाचा निकाल विस्कॉन्सिनचा, ‘म्युलर विरुद्ध रेमिश’, २०१४. दावा करणारे दोघे कधीच राज्य सोडून दुसरीकडे राहायला गेले होते, तरी विस्कॉन्सिन त्यांच्याकडून वर्षाला १०० डॉलर मागत होतं. खालच्या न्यायालयाने याला दंड म्हटलं आणि जुन्या गुन्ह्यासाठी नवा दंड घटनाबाह्य ठरवला. अपिलात सातव्या सर्किटने, म्हणजे त्या भागाच्या फेडरल अपील न्यायालयाने, ते उलटवलं. न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: नोंदवहीचा खर्च या लोकांच्या गुन्ह्यांमुळे निर्माण झाला, फी त्या खर्चाची भरपाई आहे, आणि ती खर्चाच्या मानाने अवाजवी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यांची होती, ती त्यांनी पार पाडली नाही.

या शेवटच्या मुद्द्यात खरी मेख आहे. नोंदवहीवर माणशी किती खर्च येतो हे फक्त राज्याला ठाऊक. वह्या राज्याच्या ताब्यात आणि हिशेब मागायचा त्या माणसाने, तोही आपल्या खर्चाने वकील लावून.

महाराष्ट्रात असा वाद सत्तर वर्षांपूर्वीच झालेला आहे, विषय मात्र अगदी वेगळा. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यासांकडून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचा कारभार चालवण्यासाठी अंशदान घेतलं जाऊ लागलं. हा कर आहे, असा आक्षेप ‘रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात आला. १९५४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही फी आहे असा निकाल दिला. कारण पैसा वेगळ्या निधीत जमा होतो आणि ज्या कामासाठी घेतला त्याच कामावर खर्च होतो. ही कसोटी इलिनॉयच्या शंभर डॉलरला लावून बघा.

म्हणजे सगळीच न्यायालयं सरकारच्या बाजूने आहेत?

तसं नाही. नोंदवही जसजशी जाचक होत गेली, तसतसे निकाल बदलले. मिशिगनच्या कायद्याबाबत २०१६ मध्ये सहाव्या सर्किटने ‘डो विरुद्ध स्नायडर’मध्ये ही शिक्षाच आहे असं म्हटलं आणि ती जुन्या गुन्हेगारांवर मागाहून लादायला मनाई केली. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये जवळपास तोच सूर लावला. हे निकाल एकट्या फीवरचे नाहीत. राहण्याची बंधनं, हजेऱ्या, जाहीर नाचक्की असा सगळा भार एकत्र तोलून ते दिलेले आहेत.

पैसेच नसतील तर?

बऱ्याच राज्यांत माफीची सोय कागदावर आहे. इलिनॉयमध्ये पोलिस ठाणं गरिबी बघून फी माफ ‘करू शकतं’, करायलाच हवी असं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये नोंदवही सांभाळणाऱ्या मंडळाला अडचण पटली तर माफी मिळते. कॅन्ससमध्ये न्यायालयाकडून आपण निर्धन असल्याचा आदेश आणावा लागतो. मिशिगनमध्ये सूट मिळते ती ९० दिवसांची, आणि गरिबी सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. नव्वद दिवसांत गरिबी जाईल असं कुणी गृहीत धरलं, देव जाणे.

खिडकीवर काय घडतं ते बघा. माणूस हजेरीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी येतो, खिशात पैसे नाहीत. खिडकीवरचा कर्मचारी म्हणतो, फी आण मग ये. माफीचा अर्ज असतो हे त्याने सांगितलं नाही, किंवा त्यालाच ते माहीत नाही. माणूस परत जातो. मध्यरात्री मुदत संपते आणि ‘पैसे नव्हते’ या अडचणीचं ‘नोंदणी केली नाही’ हा गुन्हा असं रूपांतर होतं. शिकागोत पैशाअभावी नोंदणी नाकारल्याच्या तक्रारी फेडरल न्यायालयापर्यंत गेल्या आहेत. बेघर माणसाची गत आणखी अवघड. इलिनॉयमध्ये ज्याला पक्का पत्ता नाही त्याने दर आठवड्याला हजेरी द्यायची असते.

फी भरली नाही म्हणून तुरुंगात टाकतात का?

टाकू शकतात. मिशिगनमध्ये जाणूनबुजून फी चुकवणं हा वेगळा गुन्हा आहे, कमाल ९० दिवसांची कैद. कॅन्ससमध्ये हजेरीनंतर १५ दिवसांत पूर्ण रक्कम भरली नाही तर किरकोळ स्वरूपाचा गुन्हा, पण दोन किंवा अधिक हप्ते थकले तर तो गंभीर गुन्ह्यांच्या यादीत जातो. थकबाकी किती? चाळीस डॉलर. त्यावर राज्य पोलिस, वकील, न्यायाधीश आणि तुरुंगातली खाट खर्ची घालतं.

‘बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया’ या १९८३ च्या निकालानुसार केवळ गरिबीमुळे दंड भरता आला नाही म्हणून कुणाचं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहण्याची सवलत) रद्द करून तुरुंगात टाकता येत नाही. त्याने मुद्दाम टाळलं का, हे आधी तपासावं लागतं. बचावाचे वकील फीच्या प्रकरणांतही या निकालाचा आधार घेतात. पण वकील मिळेपर्यंत माणूस कोठडीत असतो, ते दिवस कोण परत देणार?

फीशिवाय आणखी काही भरावं लागतं का?

लुइझियानाचं उदाहरण ऐकलंत तर फी बरी वाटेल. तिथे बहुतेक दोषींनी स्वतःच्या खर्चाने शेजाऱ्यांना कळवायचं असतं. ग्रामीण भागात एक मैलाच्या आणि शहरात तीन-दशांश मैलाच्या परिघातल्या प्रत्येक घराला पोस्टाने सूचना, शिवाय स्थानिक वर्तमानपत्रात दोन वेगळ्या दिवशी जाहिरात. दाट वस्तीत तीन-दशांश मैलात शेकडो दारं येतात. कार्डाची छपाई, यादी, तिकीट, सगळं त्याच्या खिशातून. घर बदललं की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे घर बदललं तरी कळवूच नये, असा मोह होतो, आणि पोलिसांना नेमकी तीच बातमी हवी असते.

याच राज्यात वाहन परवान्यावर नारिंगी अक्षरांत ‘लैंगिक गुन्हेगार’ छापत असत. २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं.

निदान खर्च तरी भागतो का या फीतून?

फी म्हणजे वरखर्चाला हातभार. विस्कॉन्सिनचा कायदाच खर्चाची ‘अंशतः’ भरपाई असा शब्द वापरतो. खरा खर्च माणसांचा आहे: पत्ते प्रत्यक्ष तपासणारे डेप्युटी, माहिती भरणारे कारकून, संगणक यंत्रणा. ॲडम वॉल्श कायदा पूर्ण लागू केला नाही तर राज्याच्या बर्न जॅग या फेडरल अनुदानातले १० टक्के कापले जातात. टेक्सासने हिशेब मांडला तेव्हा अंमलबजावणीचा खर्च निघाला सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर, आणि कापलं जाणार होतं साधारण १४ लाखांचं अनुदान. टेक्सास कापून घ्यायला तयार झालं. कॅलिफोर्नियानेही तोच मार्ग धरला. या आकड्यांपुढे एकेका माणसाकडून उकळलेल्या पन्नास-शंभर डॉलरची काय कथा! त्यातून पुन्हा वसुलीचा खर्च वजा करायचा. थकबाकीदाराच्या मागे लागायचं, नोटिसा काढायच्या, खटला भरायचा, हे सगळं फुकट होत नाही.

मग पैसा कुठून आणायचा?

राज्याच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून, जसा पोलिस दलाचा येतो तसा. यात आणखी एक फायदा आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. अंदाजपत्रकातून पैसा द्यायचा म्हटलं की विधिमंडळात दरवर्षी प्रश्न निघतो: यादीत इतकी नावं हवीत का? सगळ्यांना सारखीच पाळत लागते का? देशभरात या नोंदवह्यांवर लाखो नावं आहेत. फी नोंदवहीतल्यांच्याच खिशातून येत असल्याने यादी वाढवणं आमदाराला फुकट वाटतं. नाव वाढलं की उलट जमाच वाढते.

नोंदवहीने गुन्हे कमी होतात का?

याचं उत्तर एका शब्दात देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या दोन अभ्यासकांनी २०११ मध्ये पंधरा राज्यांची आकडेवारी तपासली. पोलिसांकडे माहिती असण्याने पुन्हा होणारे गुन्हे, विशेषतः ओळखीच्या माणसांवर होणारे, कमी झालेले दिसले. तीच माहिती जाहीर केल्यावर नोंदवहीतल्या लोकांकडून पुन्हा गुन्हे होण्याचं प्रमाण मात्र वाढण्याकडे झुकलं. घर, नोकरी, माणसं तुटली की गमावण्यासारखं काही उरत नाही, असं त्यांचं स्पष्टीकरण. थोडक्यात, उपयोग पोलिसांकडच्या अचूक पत्त्याचा आहे. आणि फी नेमकी त्या अचूक पत्त्याच्या आड येते.

भारतात अशी नोंदवही आहे का? महाराष्ट्रात?

आहे, पण तुम्हाला ती दिसणार नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू केली. सुरुवातीला तिच्यात सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. सांभाळते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आणि ती फक्त तपास यंत्रणांना बघता येते. हजेरी नाही, फी नाही. महाराष्ट्राच्या शक्ती विधेयकांमध्येही महिला आणि बालकांविरुद्धच्या गुन्हेगारांची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवायची तरतूद होती, पण तो कायदा अंमलात आलाच नाही.

‘अमेरिकेसारखी जाहीर यादी आपल्याकडेही आणा’ ही मागणी प्रत्येक मोठ्या प्रकरणानंतर होते. मागणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा: आपल्याकडच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. काका, शेजारी, शिकवणीचे सर. त्यांची नावं सहसा कुठल्याच यादीत आधीपासून नसतात.

अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय नागरिकाला हे लागू होतं का?

व्हिसा कुठलाही असो, दोषी ठरला की नोंदणी आणि फी लागू. नोंदणी चुकवल्याबद्दल फेडरल कायद्याखाली दोषी ठरला तर ते हद्दपारीचं स्वतंत्र कारण ठरतं. बालकाविरुद्धच्या ठराविक गुन्ह्यात दोषी असलेल्या अमेरिकी नागरिकाला बायको-मुलांसाठी कुटुंब व्हिसाचा अर्जही साधारणपणे करता येत नाही. आणि नोंदणीकृत माणसाला भारतात यायचं असेल तर २१ दिवस आधी प्रवासाची माहिती द्यावी लागते. बालकांविरुद्धच्या गुन्ह्यातल्यांच्या अमेरिकी पासपोर्टवर २०१६ च्या कायद्यानुसार तसा शेराही असतो. अशी वेळ कुणावर आलीच तर फौजदारी आणि इमिग्रेशन, दोन्ही बाजू समजणारा वकील गाठा. एकट्या फौजदारी वकिलाच्या सल्ल्याने गुन्हा कबूल करून मोकळं होऊ नका.

मला नोंदवही बघायला पैसे पडतात का?

अजिबात नाही. अमेरिकी न्याय विभागाची ड्रू श्योडिन यांच्या नावाची राष्ट्रीय साइट सगळ्या राज्यांच्या याद्या एकत्र शोधून देते, तीही फुकट. नाव-फोटो दाखवण्यासाठी पैसे मागणाऱ्या खासगी साइट त्याच सरकारी माहितीवर धंदा करतात, त्यांना कार्ड नंबर देऊ नका. सापडलेल्या माहितीवरून कुणाला धमकावलं, दारावर काही चिकटवलं, घरमालकाला गाठून त्रास दिला, तर गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो, तशी सूचना बहुतेक राज्यांच्या साइटवर पहिल्याच पानावर असते. पत्ता चुकीचा किंवा जुना वाटला तर तिथल्या शेरीफच्या कार्यालयाला कळवा.